दादा, गाठ कोणी सोडली?

दादा, घरात आता एकही गाठ बांधलेली नाही.

गोदामात तुझे दोर सुटे पडलेत, एकावर एक. कोणता कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते कळत नाही. रफीकभाई रोज सकाळी शटर वर करतात, दारातच थोडा वेळ उभे राहतात आणि परत खाली ओढतात. "हात लावायला नको वाटतंय ताई," म्हणतात. इतकी वर्षं तुझ्याबरोबर मंडप बांधलेला माणूस. वहिनीची पत्र्याची पेटी उघडीच आहे. पिठाच्या डब्याचं झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं, दाबून कुणी लावत नाही. दांडीवरच्या तुझ्या सदऱ्याच्या गुंड्यासुद्धा कुणीतरी काढून ठेवल्यात. तुला जाता यावं म्हणून आम्ही हे सगळं सोडलं. तू गेलास, आणि आता पुन्हा काही बांधायला कुणाचा हात होत नाही.

तेरावा उरकला. अजून लोक येतात, चहा पितात, "चांगलं झालं, सुटला बिचारा" म्हणतात. मी मान हलवते. कोर्टात मी अशी मान हलवत नाही, तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगते, मग समोरचा वकील हसला तरी चालतं. आपल्या घराण्यात पहिली कॉलेजात गेलेली मी, पहिली काळा कोट घातलेली मी, आणि याचा मला गर्व आहे, तो मी कधी लपवला नाही. तूही लपवला नाहीस. पंगतीत मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचास, "ओ वकीलबाई, जिलबी घ्या की!" अख्खा मंडप वळून बघायचा. अशा बाईला आज लोक एकच गोष्ट विचारतात आणि नेमकी तीच तिला माहीत नाही. तुला जायचं होतं का?

तुझी गाठ कशी होती, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

धारूरच्या आसपासचे सगळे मंडपवाले लोखंडी पाइपवर गेले. तू बांबू आणि काथ्याचा दोर सोडला नाहीस. "नट आवळायला अक्कल लागत न्हाई बाई, गाठीला लागती." घाटावरून वारं सुटलं की दुसऱ्यांची कापडं रानात जाऊन बाभळीला अडकायची, तुझा मंडप जागेवर असायचा. आणि सोडायची वेळ आली की दोन शेंड्यांतला बरोबरचा शेंडा धरून एकच हिसका. चुकीचा शेंडा ओढला तर गाठ आणखी आवळायची. रफीकभाईंना ती शेवटपर्यंत जमली नाही. तू जवळ नसलास की ते दोर कापायचे आणि तुझ्या शिव्या खायचे. मला शिकवलीस ती कॉलेजच्या सुट्टीत. मी शिकले कारण तू म्हणाला होतास, "हे काय तुला जमायचं न्हाई." माझ्याशी असं बोललं की मी ते करतेच, हे तुला पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे ती गाठ सुटायची दोघांच्या हातून. तुझ्या, नाहीतर माझ्या. हे मी पुढं पुरावा म्हणून वापरलं.

माय लकवा होऊन पडली तेव्हाचं आपलं भांडण तुझ्याबरोबर गेलं असं समजू नकोस. ते माझ्याजवळ आहे. तिला गिळता येत नव्हतं, नाकातून नळी घातली होती, तिच्यातून तू स्वतः पेज भरवायचास. वहिनीलाही करू द्यायचा नाहीस. आणि माय तिच्या चालत्या हातानं ती नळी ओढून काढायची. परत घालायची, परत काढायची. मग एक दिवस मी आले तर तिचा हात खाटेच्या माच्याला बांधलेला. जुन्या लुगड्याची मऊ पट्टी, वळ उठू नये म्हणून आत कापूस, आणि वर तुझी गाठ.

मी सोडली. तू बांधलीस. मी परत सोडली. आपण मायच्या खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून भांडलो, आणि ती आपल्याकडं आलटून पालटून बघत होती.

"तिला काय कळतंय व्हय?" तू म्हणालास.

"कळतंय म्हणूनच ओढतीय."

"बोलली का ती, नळी नको म्हणून?"

"हातानं बोलतीय, दादा. तेवढाच राहिलाय तिला बोलायला."

मी तुला सुप्रीम कोर्टाचा निकाल समजावून सांगितला. माणसाला मशीन नको, नळी नको म्हणता येतं. शुद्धीत असतानाच आधी लिहून ठेवता येतं, दोन साक्षीदार घ्यायचे, नोटरीसमोर सही करायची. बोलता येत नसेल तर डॉक्टरांची मंडळं बसतात, घरच्यांना विचारतात. सुई देऊन मारणं आजही गुन्हाच आहे. हे मारणं नाही, जाणाऱ्याची वाट न अडवणं आहे.

तू सगळं ऐकून घेतलंस. हातातली पेजेची वाटी खाली ठेवलीस. "आज म्हातारीची नळी काढचाल. उद्या जिच्या नावावर रान हाय तिची काढचाल. तुझा निकाल दिल्लीत लई चांगला आसंल. बीडात आल्यावर त्याचं काय व्हईल, हे तुला म्हाईत न्हाई? तूच रोज बघतीस की."

ते खरं होतं. कारण मी रोज बघतेच. म्हातारी कुणाकडं राहील यावर अंगठा कुणाला द्यायचा ते ठरतं, आणि अंगठा दिल्यावर म्हातारीला कोण विचारतं, हे माझ्या समोरच्या खुर्चीत बसून लोक रडत सांगतात. तुझ्या त्या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. आजही धड नाही.

"जीव हाय तवर जीव हाय," तू म्हणालास, आणि मायचा हात परत बांधलास. हळू, तिच्या बोटांना गोंजारत. तुला दगड म्हणायची माझी तयारी होती, पण ती बोटं गोंजारणं बघितलं आणि म्हणता आलं नाही.

माय गेली ती एका दुपारी. घरात आपल्या सगळ्यांचा डोळा लागला होता, पंखा घरघरत होता. वहिनीला जाग आली तर मायची नळी बाहेर, चालता हात छातीवर ठेवलेला, आणि पट्टी माच्याला नुसती लोंबत होती. फाटली नव्हती, ओढली गेली नव्हती. सुटली होती. डॉक्टर म्हणाला, तिचं झालंच होतं, नळीनं काही फरक पडला नसता. ते खरंच असेल. तू माझ्याकडं बघितलंस.

"सोडलीस ना?"

"न्हाई."

"बरं."

एवढंच. त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. मी सोडली नव्हती, दादा. म्हणजे राहिलास तू. मी मनाशी धरून चालले की त्या दुपारी तू उठलास, तिच्या बोटांना गोंजारलंस आणि एक हिसका दिलास. आणि मग ते तुझं तुला पेलवेना म्हणून माझ्याकडं बघितलंस. मी तो आळ घेतला. आनंदानं घेतला म्हण. मला वाटायचं, दादानं हरल्याचं कबूल केलं नाही, पण माझं ऐकलं.

तुला संभाजीनगरच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा तू मशीनवर होतास. घाटाच्या अलीकडच्या वस्तीवर लग्न झालं होतं. मंडप उतरवायला गेलास, पहिल्या खांबाला हात लावलास आणि तिथंच खाली बसलास. रफीकभाईंना वाटलं, चक्कर आली. डॉक्टरनं आम्हाला समोर बसवून नीट सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झालाय, फार मोठा. श्वास मशीन देतंय. माणूस परत येईल अशी आशा देता येत नाही.

मी म्हणाले, मग मंडळ बसवा. कायद्यानं करू. डॉक्टर म्हणाला, आमचं पहिलं बसेल, दुसऱ्यात जिल्ह्याकडून नेमलेला डॉक्टर लागतो, करू आपण, थांबा. मी थांबायला तयार होते. पण आपल्याकडचं मंडळ आधीच बसलं होतं, हॉस्पिटलच्या जिन्यावर. नाना, म्हणजे आपला चुलता, दोन पायऱ्या अडवून. गोदाकाकू त्याच्या पायाशी. वहिनी भिंतीला टेकून, तोंडात पदर कोंबून.

"त्यांला भुईवर जायचं हाय," वहिनी म्हणाली. "हितं न्हाई. हितं त्या नळ्यात न्हाई."

नाना माझ्याकडं वळला. "मंगल, तू शिकलेली हायस. आमच्यापेक्षा तुझ्याशी लई बोलायचा त्यो. कदी काय म्हणलाता का, आसं झाल्यावर काय करायचं म्हणून?"

त्या जिन्यावर मी तुझी बाजू मांडली, दादा. हे तुला कळलं पाहिजे. आधी तुझीच मांडली. जीव आहे तोवर जीव आहे म्हणायचास, ते सांगितलं. नळी काढायच्या विरुद्ध होतास, ते सांगितलं. रानावरून काय बोललास तेही सांगितलं, नाना समोर असताना, आणि आपल्या बांधावरून नानाचं आणि तुझं काय चाललेलं होतं ते सगळ्यांना ठाऊक असताना. नाना खाली बघत राहिला. वहिनी रडायची थांबली आणि म्हणाली, "मंग ठिवायचं का त्यांला आसंच? तुमीच सांगा ताई."

तेव्हा मी गाठ सांगितली. दोघांनाच सुटायची. मी सोडली नव्हती. मायला जाऊ दिलं ते त्यानं.

जिन्यावरून माणसं वर-खाली करत होती, कुणाचा डबा, कुणाचे रिपोर्ट. मग गोदाकाकू म्हणाली, "माझ्या लेकरानं केलं आसं?" आणि नाना उठला. "मंग झालं की. आता इचारायचं काय ऱ्हायलं."

झालं. माझ्या त्या एका वाक्यावर आम्ही तुला घरी आणलं.

अँब्युलन्समध्ये मशीन नव्हतं. रबरी पिशवी असते, हातानं दाबायची, नळीतून हवा आत जाते. बरोबरच्या माणसाचा हात भरून आला तेव्हा मी ती घेतली आणि परत दिली नाही. रणरणतं ऊन होतं. बीड गेलं, वडवणी गेलं. मी मूठ मिटली की तुझी छाती वर यायची, उघडली की खाली. तुझा चेहरा कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा. तेलगावला ड्रायव्हर चहाला थांबला, टपरीवरचा माणूस कप घेऊन आत डोकावला, त्यानं तुझ्या छातीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, आणि चहा न देताच मागं सरला.

घाटात एका वळणावर माझा तोल गेला. पिशवी हातातून सुटली. मी ती चाचपडत शोधत होते आणि तुझी छाती वर आली. माझ्या हाताआधी. मग मी दाबली तर ती वर आलेलीच होती, हवा आत जाईना, पिशवी हाताला विरोध करत होती. जिवंत माणूस दुसऱ्याचा हात बाजूला सारतो, तसा. हे मी कुणाला बोलले नाही. बरोबरचा माणूस खिडकीतून खाली दरीत बघत होता.

घरी आल्यावर तुला भुईवर घेतलं. तुळशीचं पान, पाणी, सगळं तयार. अँब्युलन्समधल्या त्या माणसानं विचारलं, "काढू ना ताई?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, काढा. त्यानं नळी काढली, आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो.

आणि तू श्वास घेत राहिलास.

संथ, खोल, झोपलेल्या माणसासारखा. वहिनी "अहो" म्हणाली. तू ऐकलं नाहीस, पण श्वास घेतलास. अँब्युलन्सवाला सामान गोळा करून घाईघाईनं निघून गेला, निरोपसुद्धा घेतला नाही. हळूहळू उभी असलेली माणसं बसली. बसलेल्यांना चहा लागला. दुसऱ्या दिवशीही तू तसाच. गोदाकाकूनं तुझ्या छातीवर हात ठेवला आणि ठरवून टाकलं, "जीव अडकलाय. घरात कुटंतरी गाठ हाय."

आपल्याकडं असं झालं की काय करतात, तुला सांगायला नको. कुलपं काढायची, झाकणं उघडायची, बायकांनी वेण्या सोडायच्या, गोठ्यातलं दावं सोडायचं. दुसऱ्या कुणाच्या घरी चहा उकळेपर्यंत उरकतं ते. पण आपलं घर! कुणीतरी गोदामाचं शटर वर केलं आणि आत बघून सगळे थबकले. दोरांच्या वेटोळ्यांचा डोंगर, वेटोळ्याला तुझी गाठ. गुंडाळलेल्या कनाती, प्रत्येकीला गाठ. झालरींची गाठोडी, गाद्यांचे गठ्ठे, बांबूंच्या मोळ्या.

"मंडपवाल्याच्या घरी मरायचं म्हंजी लईच काम हाय बे," नाना रफीकभाईंना म्हणाला. रफीकभाई हसले, आणि हसता हसता शटरला डोकं टेकून हुंदके द्यायला लागले.

गल्लीतल्या बायका बसल्या. मोकळे केस सोडून, भर उन्हात, गोदामाच्या दारात. कुणाला एक गाठ सुटेना. ओढतील तशा आवळत गेल्या. कापायला गोदाकाकू देईना, कापलेली चालत नाही म्हणाली. मग सगळ्या माझ्याकडं वळल्या. "मंगे, तुलाच येतंय ती."

माझा यावर विश्वास नाही, दादा. तेव्हाही नव्हता, आता लिहितानाही नाही. पण तिथं उभं राहून हा अडाणीपणा आहे म्हणून सांगायचं, आणि आत तू श्वास घेतोयस, तेवढं तोंड मला नव्हतं. मी फतकल मारून बसले. शेंडा ओळखायचा, हिसका. शेंडा, हिसका. हात आपोआप चालत होता. प्रत्येक गाठीनंतर मी दारातून आत बघायचे. छाती वर यायची. आणि मला, जी तुझ्याशी इतकी वर्षं जाऊ देण्यावरून भांडली, तिला बरं वाटायचं.

गोदाम संपलं. मग रफीकभाई पुटपुटले, "ताई, वो वस्तीवालं राहिलंय. लग्नाचा मंडप. तसाच हाय अजून."

आम्ही दोघं तिथं गेलो तेव्हा दुपार कलायची होती. लग्नघरचे लोक कुठं दिसले नाहीत, तू तिथं पडल्यापासून ते त्या बाजूला फिरकत नव्हते म्हणे. मोकळ्या रानात तुझा मंडप एकटा उभा. खुर्च्यांच्या रांगा, सगळ्यांची तोंडं स्टेजकडं. स्टेजवर नवरा-नवरीची दोन मोठी सिंहासनं, मागं थर्माकोलची नावं, नवरीच्या नावातली काही अक्षरं गळून पडलेली. झेंडूच्या माळा वाळून काळ्या. मी आत पाय टाकला आणि थांबले.

वारं नव्हतं. बाहेर बाभळीचं पान हलत नव्हतं. आणि वरचं कापड वर जात होतं, खाली येत होतं. वर, खाली. सावकाश. तापलेली हवा आत कोंडली की असं होत असेल, मी स्वतःला सांगितलं. पण ती लय माझ्या हाताला ओळखीची होती. मी खाली बघितलं तर माझी मूठ मिटत होती, उघडत होती.

"ताई," रफीकभाई माझ्याकडं न बघता म्हणाले, "जल्दी करू. हितं थांबायला नको."

आम्ही मागून सुरुवात केली. मी सोडायची, ते बांबू उतरवायचे. कापड पडत गेलं, ऊन आत येत गेलं, खुर्च्या उघड्यावर पडल्या. शेवटी दाराशी तू पहिला हात लावलेला खांब उरला, आणि त्याला खुंट्याशी आवळून धरणारी एक गाठ. मी शेंडा धरला. बरोबरचा. आणि तुझा आवाज मला आला असं मी म्हणणार नाही, आला नव्हता. मला फक्त एवढं वाटलं, की या घरात, या गल्लीत, त्या हॉस्पिटलात, तुझ्या बाजूनं आता कुणीच उभं नाही. तू माझ्यासमोर आयुष्यभर जी बाजू लढवलीस ती सांगायला एक माणूस नाही. मग मीच तुझा वकील झाले.

"ही राहू द्या," मी म्हणाले.

"काकू इचारतील."

"सगळ्या सोडल्या म्हणून सांगा."

रफीकभाईंनी उतरवलेले बांबू गोळा केले. तो एक खांब रानात उभा ठेवून आम्ही निघालो. मी मागं वळून बघितलं नाही, पण त्यांनी बघितलं.

घरी तू होतास. रात्रभर होतास. मला लाज वाटावी इतका आनंद झाला. दुसऱ्या दिवशी, ऊन अंगणात उतरत होतं तेव्हा, श्वास बाहेर गेला आणि आम्ही पुढच्याची वाट बघत बसलो. खूप वेळ बसलो. वहिनीनं विचारलं, "ताई, झालं का?" मला सांगता येईना, कारण माझी मूठ उघडीच राहिली होती, मिटत नव्हती.

सावडून आल्यावर रफीकभाई तो खांब आणायला गेले. आले ते सरळ माझ्याकडं, हातात दोराचा तुकडा. तुकडा कसला, अख्खा दोर.

"ताई, तुमी परत गेलता का तिकडं?"

"न्हाई."

"खांब आडवा होता. दोर बाजूला. सुटलेला."

कापलेला नव्हता. तुटलेला नव्हता. मी उलटापालटा करून बघितला, कोर्टात चाकू बघतात तसा. एकदा हिसका दिल्यावर राहतो तसा तो सरळ, फक्त जिथं गाठ होती तिथं वळ उरलेला. वस्तीवरच्या माणसांना विचारलं, कुणी तिथं गेलं नव्हतं. वारं? "वारं कुटं हाय ताई," रफीकभाई म्हणाले. आणि वाऱ्यानं तुझी गाठ सुटते असं मी या जन्मात म्हणणार नाही. तूच उठून बसशील ऐकून.

गल्लीतल्या बायका याचा अर्थ लावून मोकळ्या झाल्या. तू स्वतः येऊन सोडलीस म्हणतात. सांगताना आवाज खाली आणतात आणि दाराकडं बघतात. वहिनीला त्यात दिलासा मिळतो, मी तो मोडत नाही.

माझी अडचण निराळी आहे, आणि ती मी फक्त तुला सांगू शकते. गाठ दोघांच्याच हातून सुटते, यावर मी जिन्यात साक्ष दिली होती. आता ती दोघांच्याही हाताशिवाय सुटली. मी नव्हते, तू भुईवर होतास. मग मायचीही तशीच सुटली असेल तर? तू त्या दुपारी झोपलेलाच असशील तर? तू "सोडलीस ना?" विचारलंस ते खरंच विचारलं असशील, आणि माझं "न्हाई" तुला खोटं वाटलं असेल, आणि तरी तू "बरं" म्हणून मला सोडून दिलं असशील? मग तू माझं कधीच ऐकलं नव्हतंस. तू शेवटपर्यंत तिथंच उभा होतास, खाटेच्या त्या बाजूला. आणि तुझ्या नावानं मी जे सांगितलं, ते तू कधीच म्हणाला नव्हतास.

घाटातल्या त्या वळणावर तू माझा हात बाजूला सारलास. तो "सोड" होता की "मला जमतंय, मी आहे" होता? मी दिवसातून कितीतरी वेळा ते वळण घेते.

मी पस्तावलेय असं समजू नकोस. तुझ्या मेंदूचे फोटो मी बघितलेत. तू परत येणार नव्हतास. त्या खोलीत नळ्यांमध्ये तुला आणखी ठेवणं मला तेव्हाही चूक वाटत होतं, आजही वाटतं. भुईवर, वहिनीच्या हातचं पाणी ओठाला लागून गेलास, ते नीट झालं. पण नीट झालं हे मी माझ्या जबाबदारीवर म्हणायला हवं होतं. तुझ्या तोंडी घालायला नको होतं. आणि तू मला एक गोष्ट शिकवून गेलास, जिच्याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत. तुझ्यासारखं आडवं येणारं माणूस घरात असलं पाहिजे. कायदा कितीही चांगला असू दे, मंडळं कितीही बसू देत. सगळे भराभर हो म्हणाले की मला आता भीती वाटते. आमच्या जिन्यावर फार लवकर "झालं की" झालं.

परवा मी माझं लिहून ठेवलं. मशीन नको, नळी नको, सगळं स्पष्ट. दोन साक्षीदार घेतले, नोटरीकडं गेले, ओळखीचेच आहेत, कोर्टासमोर बसतात. लिहिता लिहिता ते म्हणाले, "तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीनं कोण ठरवणार, त्याचं नाव सांगा." वहिनी आधीच म्हणाली होती, माझं घाला. पण वहिनीचं मन फार मऊ आहे, ती माझे हाल बघून लगेच हो म्हणेल. मी विचार करत होते, आणि माझ्या तोंडातून तुझं नाव गेलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी लिहून घेतलं. नातं विचारलं. भाऊ, मी म्हणाले. वय विचारलं, तेव्हा मी गप्प झाले. त्यांनी वर बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. मयत माणसाला असं नेमता येत नाही, तेवढा कायदा मला कळतो. ते नाव बदलावं लागेल, आणि मी बदलीन. पण त्यांनी पेन पुढं केलं तेव्हा माझ्याच्यानं खोडवेना. तो कागद मी तसाच घरी आणलाय.

माझी वेळ येईल तेव्हा ये, दादा. सगळे हो म्हणत असतील. तू आधी नाही म्हण.